गाठीपुरता ताप

१९५७ साली ‘अ‍ॅनल्स ऑफ सर्जरी’ या अमेरिकी नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. शिकागोचे शल्यचिकित्सक आर. के. गिलख्रिस्ट आणि त्यांचे सहकारी हे त्याचे लेखक. त्यांच्यापुढचा प्रश्न साधा आणि जुनाच होता. आतड्यातली कर्करोगाची गाठ कापून काढली, तरी काही कर्कपेशी त्याआधीच जवळच्या लसिकाग्रंथींत जाऊन बसलेल्या असतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांना लागत नाहीत. सर्जन दिसेल तेवढे काढतो आणि उरलेले पुढे केव्हातरी डोके वर काढते. गिलख्रिस्ट यांनी या अडचणीचाच उपयोग करायचे ठरवले. कर्कपेशी ज्या वाटेने ग्रंथीत पोचतात, त्याच वाटेने आपणही काही धाडले तर?

त्यांनी धाडली ती लोहाच्या ऑक्साइडची पूड, तीही कुत्र्यांच्या लसिकाग्रंथींत. तिचे कण २० ते १०० नॅनोमीटर आकाराचे होते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. तांबड्या रक्तपेशीचा व्यास सुमारे ७,००० नॅनोमीटर असतो, यावरून या कणांच्या आकाराची कल्पना यावी. पदार्थ मात्र आपल्या ओळखीचा होता. जुन्या कॅसेटच्या फितीवर जो तपकिरी थर असे, तो याच जातीच्या ऑक्साइडचा. मग त्या ग्रंथी सेकंदाला १२ लाख वेळा दिशा बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्रात ठेवल्या. पूड तापली आणि तिच्यासोबत ग्रंथी तापली.

‘नॅनोटेक्नॉलॉजी’ हा शब्द जपानच्या नोरिओ तानिगुची यांनी वापरला तो १९७४ मध्ये, म्हणजे या प्रयोगानंतर सतरा वर्षांनी. कल्पना इतकी जुनी आणि इतकी सरळ आहे. तरीही चुंबकीय कणांनी कर्करोग बरा करणे हा आज कुठल्याही रुग्णालयातला नित्याचा उपचार नाही. असे का झाले, हे शोधणे हा या लेखाचा हेतू आहे. मी डॉक्टर नाही. ग्रंथालयात बसून जुने निबंध वाचणारा माणूस आहे. पण तारखेवारीने वाचत गेले की एक गोष्ट स्पष्ट होते. उष्णतेने कर्कपेशी मरतात की नाही, हा प्रश्न फारसा वादाचा नव्हताच. खरे प्रश्न तीन होते. उष्णता गाठीपर्यंत पोचली का? तिथेच राहिली का? आणि रुग्ण अधिक जगला तो तिच्यामुळेच, हे दाखवता आले का? पहिल्या दोन प्रश्नांवर असामान्य बुद्धी खर्च झाली. उपचार अडला तो तिसऱ्यापाशी.

डागणी आणि ज्वर

अग्नीचा उपचार म्हणून वापर फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अग्निकर्मावर स्वतंत्र अध्याय आहे. औषध, शस्त्र आणि क्षार यांनी जे बरे होत नाही ते अग्नीने होते आणि अग्नीने जाळलेला रोग पुन्हा उगवत नाही, असा तिथला आशय. हिपोक्रेटिसच्या नावावरही जवळपास याच अर्थाचे वचन आहे. आपल्याकडे खेड्यापाड्यांत डागणी देण्याची चाल कालपरवापर्यंत होती आणि तिने पोराबाळांचे हालही पुष्कळ झाले. या साऱ्यात अग्नी वरून लावला जाई. आतल्या गाठीला त्याचा उपयोग नव्हता.

आतून तापवण्याची पहिली खूण निसर्गानेच दाखवली. १८६६ मध्ये जर्मनीतल्या बॉनचे डॉ. विल्हेल्म बुश यांनी एक नोंद प्रसिद्ध केली. चेहऱ्यावर मांसार्बुद असलेल्या स्त्रीला विसर्प झाला. आपल्याकडे या रोगाला धावरे म्हणतात. जोराचा ताप आला आणि ताप ओसरता ओसरता गाठही विरघळली. पंचवीस वर्षांनी न्यूयॉर्कच्या विल्यम कोली या तरुण सर्जनला असेच उदाहरण सापडले. त्याची सतरा वर्षांची एक रुग्ण हाताच्या हाडाच्या कर्करोगाने, हात कापूनही, दगावली होती. त्या धक्क्याने तो रुग्णालयाच्या जुन्या नोंदी चाळू लागला. त्यात मानेवर गाठ असलेला एक स्थलांतरित सापडला. शस्त्रक्रिया करूनही गाठ पुन्हा पुन्हा येत होती. विसर्प झाला आणि ती गेली. कोलीने मॅनहॅटनच्या गल्ल्या पालथ्या घालून त्या माणसाला शोधून काढले. तो धडधाकट होता.

१८९१ पासून कोलीने रुग्णांना मुद्दाम जंतू टोचायला सुरुवात केली, पुढे मारलेल्या जंतूंचे मिश्रण टोचले. काही रुग्ण खरोखर बरे झाले. पण कशाने? तापाच्या उष्णतेने, की जंतूंमुळे जाग्या झालेल्या प्रतिकारशक्तीने? कोलीला हे वेगळे करून दाखवता आले नाही. मिश्रणे वेगवेगळी, मात्रा वेगवेगळ्या, तुलनेला कोणी नाही. क्ष-किरण आणि रेडियम आल्यावर त्याचा उपचार मागे पडला. आज त्याची गणना प्रतिकारशक्तीवर आधारित उपचारांच्या पूर्वसुरींत होते. म्हणजे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसले की काय होते, ते इथेच दिसले होते.

ज्वर हे औषध म्हणून त्या काळी परके नव्हते. व्हिएन्नाच्या युलियस वाग्नर-याउरेग यांनी १९१७ मध्ये मेंदूपर्यंत पोचलेल्या उपदंशाच्या रुग्णांना हिवतापाचे रक्त टोचले आणि १९२७ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. पण ज्वर सगळ्या अंगाला येतो. हृदयाला, यकृताला, मेंदूला तो सोसावा लागतो. कर्करोगासाठी हवा होता गाठीपुरता ताप. स्वीडनचे स्त्रीरोगतज्ज्ञ वेस्टरमार्क यांनी १८९८ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर धातूच्या वेटोळ्यातून गरम पाणी फिरवून तो देण्याचा प्रयत्न केला. गाठ हाताच्या पोचेत होती म्हणून ते जमले. पोटात खोल किंवा कवटीच्या आत ही युक्ती चालणार नव्हती.

४३ अंशांचे गणित

उष्णता कर्कपेशीचे नेमके काय करते, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कळत गेले. तापमान ४२-४३ अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की पेशीतल्या प्रथिनांच्या घड्या उलगडतात. त्यात डीएनएची मोडतोड दुरुस्त करणारी प्रथिनेही येतात. त्यामुळे किरणोत्साराने झालेली इजा दुरुस्त होत नाही. शिवाय गाठीच्या मध्यभागी रक्त नीट पोचत नाही, तिथल्या पेशी प्राणवायूविना, आम्लात जगतात. अशा पेशींवर किरणांचा परिणाम कमी होतो, पण उष्णतेचा अधिक होतो. दोन्ही उपचार एकमेकांची उणीव भरून काढतात. १९८४ मध्ये सापारेतो आणि ड्यूई यांनी उष्णतेची मात्रा मोजण्याची रीत दिली. कुठल्याही तापमानाला दिलेला वेळ ४३ अंशांच्या किती मिनिटांबरोबर आहे, ते काढायचे. ४३ च्या वर प्रत्येक अंशाला लागणारा वेळ साधारण निम्मा होतो.

पेशीही गप्प बसत नाही. १९६२ मध्ये इटलीच्या फेरूचिओ रितोसा यांना फळमाश्यांच्या गुणसूत्रांवर विचित्र फुगवटे दिसले. कोणीतरी उबवणपेटीचे तापमान वाढवून ठेवले होते. उष्णतेच्या झटक्याने पेशी संरक्षक प्रथिने बनवू लागते, हे त्यातून पुढे आले. एकदा तापलेली पेशी नंतर दोन-तीन दिवस उष्णतेला दाद देत नाही. म्हणून हा उपचार रोज देत नाहीत, मध्ये दिवस सोडून देतात.

उष्णता आणि किरणोत्सार एकत्र दिल्याने फायदा होतो का, याच्या चांगल्या चाचण्या झाल्या. १९९५ मध्ये डेन्मार्कच्या येन्स ओव्हरगार्ड आणि सहकाऱ्यांनी मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगावरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन वर्षांनंतर, नुसत्या किरणांनी २८ टक्के गाठी आटोक्यात राहिल्या होत्या, उष्णतेची जोड दिल्यावर ४६ टक्के. २००० मध्ये हॉलंडच्या याकोबा व्हान डर झी यांच्या गटाने ३५८ रुग्णांची चाचणी मांडली. त्यातल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रियांत तीन वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण २७ वरून ५१ टक्क्यांवर गेले. पण २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पुढाकाराने याच कर्करोगाच्या ११० रुग्णांवर झालेल्या चाचणीत असा फायदा दिसला नाही. या फरकाचा अर्थ लावताना पहिला प्रश्न मनात येतो तो हाच की, गाठ प्रत्यक्षात किती तापली? बाहेरून सोडलेल्या लहरी चरबीत, हाडांजवळ, रक्तवाहिन्यांजवळ वेगवेगळ्या प्रमाणात मुरतात. डॉक्टर उष्णता देतो, पण ती कुठे उतरते यावर त्याचा पुरता ताबा नसतो.

रॉकेटच्या इंधनातून आलेला द्रव

इथे चुंबकीय कणांचे महत्त्व कळते. चुंबकीय क्षेत्र शरीरातून फारसे न अडता आरपार जाते. मांस, हाड, कवटी त्याला अडवत नाही. वाटेत ज्या ठिकाणी कण असतील तिथेच मुख्यतः उष्णता निर्माण होते. इंडक्शनच्या शेगडीवर हात ठेवला तर पोळत नाही, पण लोखंडी तवा ठेवला तर तापतो. काहीसा तसाच हा प्रकार. मात्र तव्यात प्रामुख्याने विजेचे भोवरे फिरतात, कणात तसे होत नाही. मोठ्या लोहचुंबकात अनेक चुंबकी पट्टे असतात. कण पंधरा-वीस नॅनोमीटरपेक्षा लहान झाला की त्यात एकच पट्टा उरतो आणि त्याची दिशा शरीराच्या उष्णतेनेसुद्धा आपोआप उलटसुलट होत राहते. फ्रान्सच्या लुई नील यांनी १९४९ मध्ये याचा सिद्धांत मांडला. पुढे १९७० चे नोबेल त्यांना चुंबकत्वावरील कामासाठी मिळाले. बाहेरचे क्षेत्र वेगाने दिशा बदलू लागले की कणाचे चुंबकत्व त्याच्यामागे धावते, पण क्षणभर मागे पडते. या मागे पडण्यात जी ऊर्जा वाया जाते, तीच उष्णता.

असे कण द्रवात न साकळता तरंगत ठेवण्याची कला मात्र वैद्यकातून आली नाही. १९६३ मध्ये नासाच्या क्लीव्हलंड येथील केंद्रातले स्टीव्ह पॅपेल रॉकेटच्या इंधनाचा विचार करत होते. वजनरहित अवस्थेत इंधन टाकीत कुठेही तरंगते, ते इंजिनाकडे कसे ओढायचे? त्यांनी मॅग्नेटाइटची पूड ओलिक आम्लाबरोबर घोटून द्रवात मिसळली, म्हणजे इंधनच चुंबकाने ओढता यावे. रॉकेटला त्याचा उपयोग झाला नाही. पण लोहद्रव जन्माला आला आणि रोनाल्ड रोझेन्स्वाइग यांनी त्याचे शास्त्र उभे केले. लाउडस्पीकरपासून यंत्रांच्या सीलपर्यंत तो पोचला.

१९९३ मध्ये बर्लिनचे आंद्रेआस योर्डान आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, माणसाला सोसवेल अशा क्षेत्रात या लोहद्रवातले बारीक कण मोठ्या कणांपेक्षा कितीतरी अधिक तापतात. ‘सोसवेल अशा’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. क्षेत्र हवे तेवढे वाढवता येत नाही. ते शरीरातही विजेचे बारीक प्रवाह निर्माण करते आणि कण नसलेले अंगही तापू लागते. १९८४ मध्ये अ‍ॅटकिन्सन, ब्रेझोविच आणि चक्रबर्ती यांनी स्वयंसेवकांच्या छातीभोवती तारेचे वेटोळे ठेवून, माणूस तासभर किती सहन करू शकतो, हे मोजले होते. त्यातून क्षेत्राची तीव्रता आणि त्याची वारंवारता यांच्या गुणाकारावर एक मर्यादा आली. या क्षेत्रातले संशोधक आजही तिच्याशी झगडतात.

बर्लिनची कवटी

योर्डान यांच्या गटाने कणांवर अमिनोसिलेनचे आवरण दिले. सुमारे १२ नॅनोमीटरचा मॅग्नेटाइटचा गाभा, वर हे आवरण. शारिटे रुग्णालयात सेकंदाला एक लाख वेळा क्षेत्र बदलणारे यंत्र उभे राहिले. रोग निवडला तो ग्लायोब्लास्टोमा, मेंदूचा सर्वांत निर्दयी कर्करोग. हा बहुधा परततो आणि परतल्यावर हाताशी फारसे काही उरत नाही.

कण रक्तातून सोडले नाहीत, थेट गाठीत टोचले. याला कारण आहे. रक्तातून सोडलेले कण यकृत आणि प्लीहा आधी टिपून घेतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, प्राण्यांवरील प्रयोगांमध्ये टोचलेल्या नॅनोकणांपैकी सरासरी ०.७ टक्केच गाठीत पोचल्याचे आढळले. नॅनोकण आपणहून कर्कपेशी हुडकून काढतात, ही जाहिरातीतली भाषा वाचताना हा आकडा ध्यानात ठेवावा.

२००७ मध्ये १४ रुग्णांवरचा पहिला निष्कर्ष आला. गाठीतले कमाल तापमान मध्यमानाने ४४.६ अंश. उपचार सोसवला. मग मोठा अभ्यास झाला. क्लाउस मायर-हाउफ आणि सहकाऱ्यांनी तो २०११ मध्ये प्रसिद्ध केला. ६६ रुग्ण, त्यातले ५९ परतलेल्या ग्लायोब्लास्टोमाचे. आठवड्यातून दोनदा, एकेका तासाच्या सहा बैठका आणि जोडीला किरणोत्सार. रोग परतल्याचे निदान झाल्यापासून रुग्ण मध्यमानाने १३.४ महिने जगले. तुलनेसाठी घेतलेल्या जुन्या अभ्यासात हाच काळ ६.२ महिने होता.

दुप्पट! पण क्षणभर थांबले पाहिजे. या ५९ रुग्णांच्या शेजारी, त्याच वेळी, त्याच रुग्णालयात उष्णतेविना उपचार घेणारा गट नव्हता. तुलना दुसऱ्यांच्या जुन्या रुग्णांशी होती. नव्या अभ्यासात अर्थातच कवटीतली सुई आणि सहा बैठका सोसण्याइतकी प्रकृती असलेले लोक निवडले गेले. असे लोक एरवीही थोडे अधिक जगतात. किरणांचा पुन्हा दिलेला मारा वेगळा, त्याचाही वाटा असणार. १३.४ आणि ६.२ यांतला किती फरक उष्णतेचा आणि किती निवडीचा, हे त्या आकड्यांवरून काढता येत नाही. कोलीच्या रुग्णांबाबत जे झाले तेच, एकशे वीस वर्षांनी.

उपचाराची किंमतही होती. उपचाराच्या क्षेत्राजवळ धातू चालत नाही, म्हणून दातांतली धातूची भरणे आणि टोप्या काढाव्या लागत. कण गाठीतच राहत असल्याने नंतर एमआरआय धुरकट येई आणि रोग वाढतोय का हे पाहणे अवघड होई. पुढे शस्त्रक्रियेनंतरच्या पोकळीच्या भिंतींवर कणांचा लेप देण्याचा प्रयोग सहा रुग्णांवर झाला. त्यातल्या काहींना भोवताली इतकी सूज आली की कण पुन्हा काढावे लागले. शवविच्छेदनांतून कळले की कण मुख्यतः टोचल्या जागीच, भक्षकपेशींच्या पोटात अडकून राहतात. उष्णता तिथेच राहिली का, या दुसऱ्या प्रश्नाला हे चांगले उत्तर होते.

२०१० मध्ये युरोपात या पद्धतीला परवानगी मिळाली. त्या काळी तिकडे वैद्यकीय उपकरणाला मिळणाऱ्या परवानगीसाठी, औषधाला लागते तशी तुलनात्मक चाचणी सक्तीची नसे. परवानगी आली, चाचणी मागे राहिली आणि विमा कंपन्यांना खर्च देण्यासाठी पुरावा हवाच होता. २०२२ मध्ये हे तंत्र विकणारी मॅगफोर्स ही कंपनी दिवाळखोरीत गेली. लवकर मिळालेली परवानगी हीच या उपचाराला महागात पडली, असे माझे मत आहे. कडक नियमाने कदाचित वर्षे गेली असती, पण उत्तर हाती आले असते.

आपल्याकडे

आपल्या प्रयोगशाळांनी या विषयात चांगले काम केले आहे. मुंबईच्या आयआयटीत धीरेंद्र बहादूर यांच्या गटाने अनेक वर्षे चुंबकीय नॅनोकण बनवले, त्यांच्यावर आवरणे चढवली, पेशींवर तपासले. कोल्हापूरला डी. वाय. पाटील विद्यापीठात शि. ह. पवार यांच्या विद्यार्थ्यांनी मॅग्नेशियम फेराइटसारखे पदार्थ बनवून ते किती तापतात हे मोजले. २०१३ च्या सुमाराचे त्यांचे निबंध जगभर उद्धृत होतात. पण काचेच्या नळीतून रुग्णाच्या खाटेपर्यंतचे अंतर शोधनिबंधांनी कापले जात नाही.

मुंबईत एक काम वेगळ्या बाजूने झाले आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. नानावटी रुग्णालयाचे डॉ. नागराज हुईलगोळ यांनी तोंड व घशाच्या वाढलेल्या कर्करोगावर किरण आणि उष्णता यांची चाचणी केली, ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. कण नव्हते, उष्णता बाहेरून दिलेली. रुग्णही ५० हून थोडेच अधिक. पण कोणाला कुठला उपचार हे चिठ्ठी टाकावी तसे ठरवले होते. नुसत्या किरणांनी गाठ पूर्ण नाहीशी होण्याचे प्रमाण ४२.४ टक्के, उष्णतेसह ७८.६ टक्के. तंबाखू आणि गुटख्याच्या या राज्यात तोंडाच्या कर्करोगाची गाठ बहुधा सुईच्या आणि हाताच्या पोचेत असते. कवटी फोडावी लागत नाही. चुंबकीय कणांची पहिली खरी परीक्षा मेंदूऐवजी इथे झाली असती तर, असे वाटल्यावाचून राहत नाही.

काम थांबलेले नाही. स्पेनमध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी प्रयत्न झाले. २००५ मध्ये हॅम्बुर्गच्या ग्लाइख आणि वायत्सेनेकर यांनी शरीरातल्या चुंबकीय कणांचेच चित्र घेण्याची रीत शोधली. कण कुठे आहेत, किती आहेत हे दिसले तर एमआरआयची अडचण काही प्रमाणात सुटेल. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे दरवर्षी थोडी अधिक नेमकी होत आहेत.

घरात हा आजार आला की नातेवाईक हाती लागेल ते चाचपू लागतात, हे कोणालाच नवे नाही. ‘नॅनो’ हा शब्द दिसला की आशा पालवते आणि आशेचा बाजार मांडणारेही असतात. त्यांना विचारायचा प्रश्न एकच आहे. हा उपचार घेतलेल्यांच्या शेजारी, तेव्हाच, न घेतलेले कोण होते आणि त्यांचे काय झाले? १८९१ पासून हा प्रश्न टाळला गेला तेव्हा तेव्हा उष्णता हरली, असे नाही. ती जिंकली की हरली, हे कळलेच नाही. रुग्णांच्या दृष्टीने त्याहून मोठे नुकसान दुसरे नाही.